बोलावलं कुणी होतं? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सक्तीच्या कवायतीचं प्रकरण

१९३३ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात काही मुलांनी नाव नोंदवलं. विद्यापीठाच्या सगळ्या अटी त्यांनी पाळल्या, एक सोडून. 'लष्करी शास्त्र आणि डावपेच' हा विषय घ्यायला ते तयार नव्हते. विषय ऐच्छिक नव्हता. अंगानं धडधाकट, अमेरिकेचा नागरिक आणि चोवीस वर्षांच्या आतला असा प्रत्येक मुलगा पहिली दोन वर्षं तो घेणार, असा विद्यापीठाचा हुकूम होता. मुलांनी सवलत मागितली, ती नाकारली गेली. मग मुलं त्या तासांना गेलीच नाहीत आणि विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं. चौदा महिन्यांनी, ३ डिसेंबर १९३४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला. नऊपैकी एकाही न्यायमूर्तीनं मुलांना दाद दिली नाही.

'हॅमिल्टन विरुद्ध रीजंट्स' म्हणून हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत आहे आणि धर्मस्वातंत्र्याच्या धड्यात त्याचा दोन ओळींत उल्लेख येतो. मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. विद्यापीठात कवायत का असावी, ती सक्तीची का असावी आणि त्यातून नक्की काय तयार होतं, हे तिन्ही प्रश्न या एका खटल्यात उभे होते. न्यायालयानं चौथ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

तीन शब्दांचं देणं

सुरुवात यादवी युद्धापासून करावी लागते. व्हरमाँट राज्याचे खासदार जस्टिन मॉरिल यांनी प्रत्येक राज्याला केंद्राची जमीन देऊन शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायचं विधेयक आणलं होतं. १८५९ साली राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नामंजूर केलं. तोवर त्यात लष्कराचा संबंध नव्हता. १८६१ मध्ये युद्ध पेटलं, विरोध करणारी दक्षिणेतली राज्यं संसदेतून निघून गेली आणि उत्तरेला एक गोष्ट फार जाचायला लागली: माणसं आहेत, पण त्यांना चालवणारे अधिकारी नाहीत. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी एकटी किती पुरणार? मॉरिल यांनी विधेयक पुन्हा आणलं, तेव्हा शिकवायच्या विषयांत 'लष्करी डावपेचांसह' अशा अर्थाचे इंग्रजीतले तीन शब्द घातले. २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांची सही झाली.

जमिनीचा हिशोब साधा होता. संसदेतल्या प्रत्येक सदस्यामागे तीस हजार एकर. कॅलिफोर्नियाचे दोन सिनेटर आणि तीन प्रतिनिधी, म्हणजे दीड लाख एकर. हे घबाड घ्यायचं तर कॉलेज हवं, आणि कॉलेजात ते तीन शब्द हवेत. २३ मार्च १८६८ रोजी विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला, त्यात या देण्याची फेड लिहून ठेवली आहे. केंद्राच्या कायद्याची अट पुरी करण्यासाठी विद्यापीठातल्या सशक्त मुलग्यांना लष्करी डावपेचांचं शिक्षण आणि शिस्त दिली जाईल. किती आणि कशी, ते रीजंट ठरवतील. रीजंट म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणारं मंडळ. आपल्याकडच्या व्यवस्थापन परिषदेपेक्षा त्यांचे अधिकार पुष्कळ मोठे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ इथला आहे. मॉरिल कायदा म्हणतो, हे शिकवा. प्रत्येकाला सक्तीनं शिकवा असं तो कुठेही म्हणत नाही. कॉलेजात संस्कृत विभाग असला पाहिजे असं म्हणणं वेगळं, आणि प्रत्येकानं संस्कृत घेतलंच पाहिजे असं म्हणणं वेगळं. साठएक वर्षं जमीन घेतलेल्या सगळ्या राज्यांनी दुसरा अर्थ धरला आणि कवायत सक्तीची केली. केंद्राचा तसा आग्रह असल्याचं सगळे गृहीत धरत होते. १९२३ मध्ये विस्कॉन्सिननं पहिल्यांदा ती ऐच्छिक केली, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. १९३० मध्ये तर अमेरिकेच्या महान्यायवाद्यांनी लेखी मत दिलं की राज्यानं हे शिक्षण उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे, विद्यार्थ्यांवर लादणं नाही. १९३४ मध्ये मिनेसोटानंही सक्ती काढली. म्हणजे खटला न्यायालयात उभा राहिला तेव्हा सक्ती हा केंद्राचा हुकूम राहिलेला नव्हता. ती सर्वस्वी रीजंटांची इच्छा होती. या गोष्टीचा पुढे कुणी पुरेसा उपयोग करून घेतला नाही, असं माझं मत आहे.

वर्गात काय चालायचं

१९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यानं जुन्या ढिल्या कवायतीला ठोस रूप दिलं. राखीव अधिकारी प्रशिक्षण दल, आरओटीसी, तेव्हा जन्माला आलं. अभ्यासक्रम युद्ध खात्याचा. गणवेश, बंदुका आणि बाकी सामग्रीही त्याच खात्याची. न्यायालयाच्या नोंदीत विषयांची यादी आहे: रायफलची नेमबाजी, टेहळणी आणि गस्त, कवायत आणि हुकूम देणं, बंदुकीचा सामुदायिक मारा, लढाईची तत्त्वं, स्वयंचलित रायफलचा वापर. हे सगळं इतिहास आणि रसायनशास्त्राच्या शेजारी वेळापत्रकात. नापास झालात तर पदवी अडायची.

अभ्यासक्रमाचे दोन भाग होते. पहिली दोन वर्षं प्राथमिक, पुढची दोन प्रगत. राखीव दलातलं अधिकारीपद प्रगत भाग पुरा करणाऱ्यालाच मिळे, आणि तो भाग ऐच्छिक होता. सक्ती होती ती प्राथमिक भागाची. थोडक्यात, ज्या भागातून अधिकारी तयार होत नसत तोच भाग प्रत्येकाला घ्यावा लागे. मग तो कशासाठी? सक्तीचे समर्थक याचं उत्तर 'शिस्त' असं देत. ताठ चालणं, वेळेवर येणं, हुकूम ऐकणं, नागरिक म्हणून घडणं. देशरक्षण हे वरचं कारण आणि शिस्त हे आतलं.

मी स्वतः कॉलेजात तीन वर्षं एनसीसीत होतो, आपखुशीनं. रविवारी पहाटे बेल्टचं पितळ घासून चकचकीत करायचं, टाचा जुळवून उभं राहायचं, उस्ताद मागून फिरत मानेवरचे केस बोटानं चाचपणार. मला ते आवडायचं. पण आमच्या रांगेत दोनचार जण फक्त गुणांसाठी आलेले असत, आणि त्यांच्या खांद्यावरच्या रायफलचा कोन पाहिला तरी ते ओळखू यायचे. 'दाहिने मुड' म्हटलं की तेही वळत. शरीर वळायचं. तेवढ्याला शिस्त म्हणायचं की नाही, यावर कॅन्टीनमध्ये आमचे वाद व्हायचे. ते सुटले नाहीत. सक्तीच्या परेडमध्ये सगळी रांगच तशी असणार, एवढंच मला या प्रकरणाच्या कागदांकडे बघताना वाटत राहिलं.

मुलं, त्यांचे बाप आणि चर्च

अल्बर्ट हॅमिल्टन आणि त्याचे सोबती मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या प्रोटेस्टंट पंथाचे. त्यांचे वडील त्याच चर्चचे दीक्षित पाद्री, आणि तेही वर्षानुवर्षं. मुलं कायद्यानं अज्ञान, म्हणून दावा बापांनी अज्ञान पालनकर्ता या नात्यानं आणि स्वतःच्याही नावानं लावला. त्यामुळे ही बंडखोर पोरांची थोरांविरुद्धची तक्रार नव्हती. घरात जे शिकवलं ते मुलं विद्यापीठात पाळत होती आणि बाप पाठीशी उभे होते.

मेथडिस्ट हे क्वेकरांसारखे मूळचे युद्धविरोधी नव्हेत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं सक्तीची भरती केली तेव्हा क्वेकर आणि तत्सम शांततावादी पंथांच्या लोकांना लढाईतून सूट होती, मेथडिस्टांना नव्हती. पण त्या युद्धानं बऱ्याच चर्चांची मनं पालटली. १९२८ च्या सर्वसाधारण परिषदेत मेथडिस्टांनी राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग जाहीर केला. त्याच वर्षी पॅरिसला केलॉग-ब्रियाँ करार झाला आणि अमेरिकेसह अनेक देशांनी जवळजवळ त्याच शब्दांवर सह्या केल्या. १९३२ च्या परिषदेनं पुढचं पाऊल टाकलं: लष्करी शिक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांनी विवेकाला न पटणाऱ्या मेथडिस्ट विद्यार्थ्यांना त्यातून वगळावं, अशी विनंती केली. १९३३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या परिषदेनं बर्कली, लॉस एंजेलिस (ही दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच ठिकाणं) आणि शेजारच्या ॲरिझोनातलं टुसान अशी विद्यापीठांची नावं घेऊनच ती मागणी केली.

बाहेरची हवाही तशीच होती. सक्तीच्या कवायतीविरुद्ध काम करणारी एक राष्ट्रीय समिती १९२५ पासून पत्रकं काढत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या विद्यार्थी सभागृहानं राजा आणि देश यांच्यासाठी कोणत्याही परिस्थितीत न लढण्याचा ठराव केला आणि त्याचे पडसाद अमेरिकन कॅम्पसवर उमटले. १९३४ च्या एप्रिलमध्ये हजारो अमेरिकन विद्यार्थी युद्धाविरुद्ध तासभर वर्गाबाहेर पडले. मेरीलँड विद्यापीठातल्या एका मेथडिस्ट विद्यार्थ्याचं अगदी असंच प्रकरण राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात हरून आधीच वर गेलं होतं आणि १९३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात दखल घेण्यासारखा केंद्रीय प्रश्न नाही म्हणून ते निकाली काढलं होतं. त्यामुळे हॅमिल्टन आणि मंडळींना वाट अवघड आहे याची कल्पना नसेल असं नाही.

मुलांची वागणूक बघण्यासारखी आहे. आधी विद्यापीठाकडे अर्ज. तो फेटाळल्यावर कॅलिफोर्नियातल्या आपल्या बिशपमार्फत रीजंटांकडे विनंती: निदान विषय ऐच्छिक करा. तीही फेटाळली. तेव्हा त्यांनी कळवलं की कवायतीऐवजी विद्यापीठ सांगेल तो दुसरा विषय आम्ही घेऊ, पण हा नाही. अर्ज, विनंती, पर्याय आणि सरतेशेवटी नकार, असा हा क्रम. रीजंटांनीही आरडाओरडा केला नाही. निलंबनाच्या रीतसर पत्रात त्यांनी दार किलकिलं ठेवलं: नियम पाळायची तयारी असेल तेव्हा कधीही परत अर्ज करा. दोन्ही बाजू अत्यंत सभ्य आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण जास्त बोचतं. कुणाचाही तोल गेलेला नाही, कुणी खलनायक नाही. एका बाजूला नियम आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या नियमानं ज्याचं शिक्षण थांबतं तो मुलगा.

दाव्यात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. या विद्यापीठात मिळतं तसं शिक्षण कॅलिफोर्नियात दुसरीकडे घ्यायचं तर जास्त पैसे लागतात आणि ते या मुलांना परवडणारे नाहीत. मंदीचा सगळ्यात वाईट काळ, आणि ही पाद्र्यांची मुलं.

न्यायालय काय म्हणालं

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी परमादेश, म्हणजे विद्यापीठाला आम्हाला परत घ्यायला लावणारा हुकूम, मागितला, तिथे दाद मिळाली नाही. मग वॉशिंग्टन. निकाल न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांनी लिहिला.

मुलांचा मुख्य आधार राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा: कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय राज्यानं कुणाचं स्वातंत्र्य हिरावू नये. बटलर यांनी एक मोठी गोष्ट मान्य केली. युद्ध पाप आहे असं मानणं, त्या तत्त्वाला धरून राहणं आणि ते इतरांना शिकवणं, हे या 'स्वातंत्र्या'त निःसंशय येतं, असं ते म्हणतात. राज्यांविरुद्ध धर्मस्वातंत्र्य मागता येतं, याच्या पहिल्या कबुलींपैकी ही एक. पण लगेच पुढचं वाक्य: कॅलिफोर्नियानं या मुलांना विद्यापीठात भरती केलेलं नाही, की येण्याचा हुकूम दिलेला नाही. राज्य देत असलेलं शिक्षण ते मागत आहेत आणि त्याच वेळी त्यातला ठरवलेला एक भाग आपल्या श्रद्धेपायी टाळू पाहत आहेत. साध्या मराठीत सांगायचं तर, बोलावलं कुणी होतं?

त्याला जोडून दुसरा मुद्दा येतो. शांतता आणि सुव्यवस्था राखण्याइतकं बळ टिकवणं हे सरकारचं कर्तव्य आहे आणि आपल्या कुवतीप्रमाणे सरकारचं रक्षण करणं हे नागरिकाचं. १९२९ च्या श्विमर आणि १९३१ च्या मॅकिन्टॉश निकालांचा आधार इथे घेतला आहे. शस्त्र उचलायची शपथ घेणार नाही म्हणणाऱ्यांना त्या दोन्ही प्रकरणांत नागरिकत्व नाकारलं गेलं होतं. केलॉग-ब्रियाँ कराराचा मुद्दा न्यायालयानं चार ओळींत उडवून लावला. देशानं युद्ध वर्ज्य करण्याच्या करारावर सही केली म्हणून विद्यापीठातली कवायत बेकायदा ठरत नाही, हे मलाही पटतं. वकिलांनी तो मुद्दा ओढूनताणून आणला होता.

वेगळं पण सहमतीचं मत बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिलं. ब्रँडाइस आणि स्टोन त्यात सामील झाले. त्या न्यायालयातले उदारमतवादी म्हणून ज्यांच्याकडे बघितलं जाई ते हेच तिघे. तेही विद्यापीठाच्या बाजूला गेले, आणि त्यांचं कारण बटलर यांच्यापेक्षा खोल आहे. कार्डोझो म्हणतात, लष्करी शास्त्राचे धडे म्हणजे धर्माचे धडे नव्हेत. त्यानं कुणाच्या उपासनेत ढवळाढवळ होत नाही. शिवाय ही सूट एकदा दिली की थांबायचं कुठे? उद्या कुणी म्हणेल, माझ्या करातून युद्ध चालतं, मी कर भरणार नाही. एखाद्या तत्त्वापायी कुणी हौतात्म्य पत्करलं म्हणून तो कायद्याच्या चौकटीत राहिला असं सिद्ध होत नाही, हा त्यांच्या मताचा शेवट. वाक्य म्हणून ते जबरदस्त आहे. पण कराची उपमा मला कधी पटली नाही. कर सगळ्यांच्या पैशात मिसळतो. स्वयंचलित रायफल एकट्याच्या हातात असते.

निकालाच्या बाहेर राहिलेलं

'बोलावलं कुणी होतं' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. घरमालक, क्लब, शिकवणीवर्ग, सगळेच तो वापरतात. पण विद्यापीठ हे राज्याचं होतं, केंद्रानं दिलेल्या जमिनीवर आणि लोकांच्या करावर चाललेलं. ते कर भरणाऱ्यांत त्या पाद्र्यांचाही समावेश होता. दाव्यात त्यांनी आपण करदाते असल्याचं मुद्दाम लिहिलं आहे. दुसरीकडचं शिक्षण परवडत नाही, हे म्हणणं न्यायालयानं आपल्या निकालपत्रात उतरवून घेतलं आणि त्याचं पुढे काहीही केलं नाही. श्रीमंत मेथडिस्ट मुलगा खासगी विद्यापीठात गेला असता. ही सक्ती गरिबाच्या विवेकावर होती.

दुसरं, न्यायालयानं अधिकार तपासला, उपयोग तपासला नाही. रीजंटांना हे करता येतं का? येतं. मग विषय संपला. महान्यायवाद्यांचं मत आणि विस्कॉन्सिन-मिनेसोटाचं उदाहरण यांची नोंद निकालात आहे, पण ती 'राज्याला निवड आहे' हे सिद्ध करायला. निवड आहे तर कॅलिफोर्नियानं सक्ती का निवडली आणि पर्यायी विषय द्यायला काय हरकत होती, हे विचारायचं न्यायालयाला कारण नव्हतं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. ज्याला विद्यापीठ चालवायचं आहे त्याच्यासाठी मात्र खरा प्रश्न तोच होता.

आपल्याकडे हाच प्रश्न तीस वर्षांनी आला आणि त्याचं उत्तर कचेरीतून आलं, कोर्टातून नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९४८ च्या मूळ कायद्यात कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेची जबाबदारी नाही, असं स्पष्ट आहे; तरीही संख्या फुगली आणि शिकवणारे, बंदुका, गणवेश, सगळंच कमी पडू लागलं. १९६८ मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. पुढच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली: कवायत नको असेल तर श्रमदान करा. लॉस एंजेलिसच्या मुलांनी १९३३ मध्ये रीजंटांना नेमकं हेच सुचवलं होतं.

पुढे काय झालं

निकालाचं आयुष्य विचित्र गेलं. १९४० मध्ये शाळेत ध्वजवंदन न करणाऱ्या, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या मुलांविरुद्ध निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं हॅमिल्टनचा दाखला दिला. तीन वर्षांनी, १९४३ च्या बार्नेट प्रकरणात, न्यायालयानं तो ध्वजवंदनाचा निकाल फिरवला. (आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हणण्याची मुभा दिली, तेव्हा बार्नेटचा उल्लेख केला होता.) हॅमिल्टनला मात्र बार्नेटनं हात लावला नाही. फरक सांगितला तो एवढाच: शाळेत जाणं सक्तीचं, विद्यापीठात जाणं ऐच्छिक. त्याच फरकानं १९७२ मध्ये टेनेसीत उलटं काम केलं. तिथे हायस्कूलच्या पदविकेसाठी कवायत सक्तीची होती आणि एका मुलानं धार्मिक कारणावरून नकार दिला. अपील न्यायालय म्हणालं, हायस्कूल टाळता येत नाही, म्हणून इथे हॅमिल्टन लागू नाही; मुलगा जिंकला. ज्या श्विमर-मॅकिन्टॉश निकालांवर बटलर टेकले होते ते १९४६ मध्येच मोडीत निघाले होते. आणि १९६३ च्या शर्बर्ट निकालानं, सरकारी लाभ हवा तर श्रद्धा सोड असं राज्याला सहजासहजी म्हणता येणार नाही, असं सांगून 'बोलावलं कुणी होतं' या विचाराच्याच मुळावर घाव घातला. १९९० मध्ये काटा पुन्हा थोडा मागे फिरला, पण ते दुसरं प्रकरण.

विद्यापीठातली कवायत त्या निकालानंतर आणखी अठ्ठावीस वर्षं सक्तीची राहिली. दुसरं महायुद्ध आलं, आणि त्या काळात तिच्याविरुद्ध बोलायला जागाच उरली नाही. कोरिया झालं. मग ऑक्टोबर १९५९ मध्ये बर्कलीत फ्रेड मूर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा प्रशासन इमारतीच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसला. सात दिवसांचा निश्चय, शेजारी पाण्याची सोय आणि सक्तीच्या आरओटीसीविरुद्धचं निवेदन. विद्यार्थी थांबून वाचत, सह्या करत. इमारतीचं नाव स्प्रौल हॉल. हॅमिल्टनला निलंबित केलं तेव्हा रॉबर्ट गॉर्डन स्प्रौल हे विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पाच वर्षांनी भाषणस्वातंत्र्याच्या आंदोलनानं त्याच पायऱ्या जगप्रसिद्ध केल्या, पण आधी तिथे बसला तो हा एकटा मुलगा, कवायतीसाठी.

मूरचे वडील हवाई दलात अधिकारी होते. दोन दिवसांनी ते आले आणि मुलाला घरी घेऊन गेले.

सक्ती अखेर कुणाच्या विवेकामुळे गेली असं म्हणणं कठीण आहे. लष्करालाच ती नकोशी झाली होती. अण्वस्त्रांच्या जमान्यात दोन वर्षं बंदूक खांद्यावर घेऊन फिरलेल्या हजारो मुलांचा उपयोग काय, त्यांना शिकवायला अडकलेले अधिकारी आणि पैसा परवडतो का, असा हिशोब सुरू झाला. अधिकारी मिळत होते ते ऐच्छिक प्रगत भागातून. सक्ती ठेवायची की काढायची हे विद्यापीठांनी बघावं, अधिकाऱ्यांची गरज भागवायला आम्हाला तिची आवश्यकता नाही, अशी भूमिका संरक्षण खात्यानं घेतली आणि एकामागून एक विद्यापीठांनी ती काढून टाकली. देशाच्या रक्षणाची गरज हे १९३४ चं कारण होतं, आणि ज्यांच्यावर ते रक्षण सोपवलेलं त्यांनीच हात वर केल्यावर मागे उरली ती नुसती शिस्त. नुसत्या शिस्तीसाठी सक्ती चालू ठेवायला कॅलिफोर्नियाचे रीजंटही तयार झाले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी कवायत ऐच्छिक केली. १९३३ मध्ये बिशपमार्फत आलेल्या अर्जात मागणी होती ती एवढीच.